ठरलं आधी, मोजलं नंतर: जपानच्या एजिस अशोरचं प्रकरण

जपानने डिसेंबर २०१७ मध्ये एजिस अशोर हे जमिनीवरचं मिसाईल कवच अमेरिकेकडून घ्यायचं ठरवलं आणि जून २०२० मध्ये ते सोडून दिलं. मधल्या अडीच वर्षांत करार झाले, पैसे गेले, एक मंत्री माफी मागून आला, मग दुसरा मंत्री माफी मागून आला, सत्ताधारी पक्षाने एक हक्काची सीट घालवली, पण जागेवर एक वीटसुद्धा रचली गेली नाही. संरक्षण खरेदी फसल्याच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत, तरी ही मला जास्त अभ्यासण्यासारखी वाटते, कारण हिच्यात मूर्ख असा कुणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी बऱ्यापैकी समजण्यासारखं वागूनही सगळं मिळून असं झालं. मंत्री वगैरे सार्वजनिक माणसं सोडून बाकी कुणाची नावं घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

उत्तर कोरियाची मिसाईलं जपानला नवीन नाहीत. ३१ ऑगस्ट १९९८ ला तेपोदोंग जपानच्या डोक्यावरून पॅसिफिकमध्ये जाऊन पडलं, तेव्हापासून टोकियोची झोप उडालीय. २००३ मध्ये दोन थरांचं संरक्षण ठरलं, समुद्रात एजिस डिस्ट्रॉयरवरून (एजिस ही रडार आणि मिसाईलं जोडणारी अमेरिकी यंत्रणा, ती बसवलेली युद्धनौका) एसएम-३ इंटरसेप्टर, म्हणजे मिसाईल पाडणारं मिसाईल, जो वातावरणाच्या बाहेरच समोरचं मिसाईल गाठतो, आणि तो चुकला तर जमिनीवर पॅक-३, ज्याचा पल्ला वीस-तीस किलोमीटरचा, म्हणजे एखादं शहर किंवा तळ वाचवण्यापुरता.

मग २०१६-१७ आलं. ३ ऑगस्ट २०१६ ला एक मिसाईल अकिता प्रांतातल्या ओगा द्वीपकल्पापासून २५० किलोमीटरवर, जपानच्याच सागरी आर्थिक क्षेत्रात पडलं. २९ ऑगस्ट २०१७ ला सकाळी ६ वाजून २ मिनिटांनी १२ प्रांतांतल्या लोकांचे फोन आणि गावातले भोंगे एकदम वाजले, मिसाईल होक्काइदोवरून गेलं. १५ सप्टेंबरला पुन्हा तेच. बाहेर पळायचं की घरात थांबायचं हे ठरवायलाच लोकांना जेमतेम चार-पाच मिनिटं होती, अशा वेळी सरकारला काहीतरी करून दाखवणं भाग होतं हे मान्य करायलाच हवं.

त्यात अमेरिकेची बाजू आहेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रम्प टोकियोत आले आणि पंतप्रधान शिंझो आबेंच्या शेजारी उभं राहून जाहीरपणे म्हणाले की जपान आमच्याकडून भरपूर लष्करी सामान घेणार आहे आणि मिसाईलं आकाशातच पाडणार आहे. यजमानाला असं पत्रकारांसमोर ऐकवल्यावर पुढच्या खरेदीकडे निव्वळ लष्करी गरज म्हणून कुणी बघणं अवघडच.

मूळ अडचण

खरी अडचण मिसाईलं पाडता येत नाहीत ही नव्हतीच, माणसं आणि जहाजं पुरत नाहीत ही होती. तेव्हा नौदलाकडे सहा एजिस डिस्ट्रॉयर, त्यातल्या चारांनाच मिसाईल पाडायची क्षमता. एका जहाजावर तीनशेच्या आसपास माणसं. जपानच्या समुद्रात कायम पहारा ठेवायचा म्हटलं की एक जहाज ड्युटीवर, एक येण्याजाण्यात, एक दुरुस्तीत, असं करत सगळी त्यातच अडकतात, आणि तिकडे पूर्व चीन समुद्रात चीनची जहाजं दिवसेंदिवस वाढतायत तिथे पाठवायला काही उरत नाही. कर्मचारी महिनोन्‌महिने घराबाहेर. म्हणून तीच एजिस यंत्रणा, तेच रडार, तीच मिसाईलं जमिनीवर एका जागी बसवली तर थोड्या माणसांत चोवीस तास पहारा होईल आणि जहाजं मोकळी होतील, ही कल्पना मुळात चांगली होती. हे आधीच सांगतो, कारण नंतर जे झालं त्यामुळे सगळेच म्हणायला लागले की कल्पनाच भिकार होती. तसं नव्हतं.

समोर कुठले पर्याय होते

पहिला पर्याय थाड, जमिनीवरून मिसाईल पाडणारी दुसरी एक अमेरिकी यंत्रणा. दक्षिण कोरियात अमेरिकेने तो लावला होताच. पण अख्खा जपान झाकायला थाडचे बरेच तळ लागणार होते आणि एजिस अशोरचे दोनच पुरणार होते, त्यामुळे हिशोबात थाड मागे पडलं. दुसरा पर्याय आणखी एजिस जहाजं बांधायचा, पण मग माणसं कुठून आणायची, तो प्रश्न जिथल्या तिथे. तिसरा पर्याय शत्रूच्या तळावरच मारा करायची ताकद कमवायची. हा विषय नवा नाही, १९५६ मध्येच तत्कालीन सरकारने संसदेत सांगितलं होतं की मिसाईलचा मारा होत असताना दुसरा उपायच नसेल तर ते तळ उद्ध्वस्त करणं स्वसंरक्षणातच बसतं, हातावर हात ठेवून मरणाची वाट बघा असं संविधान म्हणत नाही. पण तत्त्वात बसतं एवढं म्हणून पुढची साठ वर्षं कुठल्याही सरकारने तशी शस्त्रं घेतली नाहीत. मार्च २०१७ मध्ये सत्ताधारी एलडीपीच्या एका गटाने, इत्सुनोरी ओनोदेरा त्याचे प्रमुख, दोन्ही गोष्टी एकदम सुचवल्या, जमिनीवरचं कवचही बघा आणि माऱ्याची ताकदही बघा. काही महिन्यांत ओनोदेरा स्वतः संरक्षणमंत्री झाले. सरकारने त्यातलं राजकीयदृष्ट्या सोपं ते उचललं, कवच. ढालीला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

काय केलं

१९ डिसेंबर २०१७ ला कॅबिनेटने दोन एजिस अशोर घ्यायचं ठरवलं. २०१८ च्या मे-जूनमध्ये जागा सांगितल्या, उत्तरेत अकिता शहरातलं अराया सराव मैदान आणि पश्चिमेला यामागुची प्रांतात हागी शहर आणि आबू गावाच्या हद्दीवरचं मुत्सुमी सराव मैदान. यामागुची हा खुद्द आबेंचा प्रांत आणि अकिता हा तेव्हाचे मुख्य कॅबिनेट सचिव योशिहिदे सुगा यांचा जन्मप्रांत, म्हणजे आपल्याच माणसांची गावं, विरोध फार होणार नाही असा कुणाचा अंदाज असेल तर तो साफ चुकला.

जुलै २०१८ मध्ये रडार निवडलं, लॉकहीड मार्टिन या अमेरिकी कंपनीचं, जे पुढे एसपीवाय-७ म्हणून ओळखलं गेलं. सुरुवातीला एका तळाची किंमत ८ ते १० हजार कोटी येनच्या आसपास बोलली जात होती, ती आता १३,४०० कोटी येन झाली आणि दोन्हीचा ३० वर्षांचा चालवण्यासकट खर्च ४६,६४० कोटी येन. येन साधारण साठ-सत्तर पैशांचा धरला तर आकडा रुपयातही डोळे फिरवणाराच आहे. अमेरिकी सरकारकडून थेट खरेदीत किंमत तेच सांगणार, मुदत तेच ठरवणार, पैसे आगाऊ, हा जपानी अधिकाऱ्यांचा जुना वैताग.

इथे पहिला फाटा लागतो. खरेदी ठरली, जागा ठरल्या, रडार ठरलं, आणि त्यानंतर जागा योग्य आहे का याचा सर्व्हे सुरू झाला. सर्व्हे करणाऱ्या माणसांना उत्तर आधीच माहीत होतं. अराया हे समुद्राकाठी आहे, पण शहराला अगदी लागून, पलीकडे घरं आणि शाळा. लोकांचे प्रश्न साधे होते. रडारच्या लहरींचं काय? युद्ध झालं तर पहिला नेम आमच्यावरच ना? आणि अख्ख्या उत्तर जपानमध्ये दुसरी जागाच नाही का?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मे २०१९ मध्ये मंत्रालयाने रिपोर्ट दिला. अकिता, आओमोरी, यामागाता या प्रांतांतल्या १९ इतर जागा बघितल्या, एकही चालत नाही, अरायाच योग्य. कित्येक जागा बाद करायचं कारण, आजूबाजूचे डोंगर रडारच्या आड येतात.

५ जून २०१९ ला अकिता साकिगाके शिम्पो या तिथल्या स्थानिक पेपरने बातमी दिली की त्या डोंगरांच्या उंचीचे रिपोर्टमधले कोनच चुकीचे आहेत. ओगाच्या एका जागेवरून होनझान डोंगराचा कोन रिपोर्टमध्ये १५ अंश लिहिला होता, प्रत्यक्षात तो ४ अंशांच्या आसपास. आता १५ अंश म्हणजे काय ते बघा, दर किलोमीटरला साधारण २७० मीटर चढ, आणि ४ अंश म्हणजे जेमतेम ७० मीटर. त्या जागेवर उभं राहिलेल्या माणसाला डोंगर छाताडावर आल्यासारखा दिसतोय की लांब क्षितिजावर दिसतोय हे कळायला यंत्र लागत नाही, नुसते डोळे लागतात. मंत्रालयाने ९ जागांचे आकडे चुकल्याचं कबूल केलं. कारण काय तर गूगल अर्थवरून डोंगराचा उभा छेद काढला, त्यात उंचीचं स्केल आणि आडव्या अंतराचं स्केल वेगवेगळं असतं हे लक्षात आलं नाही, आणि त्या कागदावर पट्टीने मोजून गणित मांडलं. पेपरला त्या वर्षीचा जपान वृत्तपत्र संघटनेचा पुरस्कार मिळाला.

चूक एक वेळ समजू शकते. पण नऊच्या नऊ चुका अराया जिंकावं याच बाजूने पडल्या आणि आत कुणाला शंका आली नाही, हे जास्त बोलकं आहे. उत्तर हवं तसं आलं की गणित परत कोण तपासतो!

तीन दिवसांनी, ८ जूनला, अकितात लोकांसमोर खुलासा करायची बैठक. अधिकारी माफी मागतायत, तक्ते दाखवतायत, आणि समोर बसलेला त्यांच्यातलाच एक जण डुलक्या घेतोय. एक रहिवासी उठून ओरडला की इथे आमच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही झोपताय. व्हिडिओ देशभर फिरला. खरं सांगायचं तर तो माणूस बहुतेक रात्र रात्र जागून तेच तक्ते दुरुस्त करत असेल, पण ते कोण ऐकणार. संरक्षणमंत्री ताकेशी इवाया १७ जूनला अकिताला जाऊन माफी मागून आले, मात्र अराया योग्य आहे हे वाक्य त्यांनी सोडलं नाही. माफी मागायची आणि निष्कर्ष तोच ठेवायचा, याने लोक जास्त बिथरले असं मला वाटतं.

२१ जुलैला वरिष्ठ सभागृहाची निवडणूक होती. आबे आणि सुगा दोघंही प्रचाराला येऊन गेले, तरी अकितात एलडीपीचा चालू खासदार पडला आणि विरोधकांच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या अपक्ष शिझुका तेराता निवडून आल्या. तिथून अराया प्रत्यक्षात संपलं, फक्त मान्य करायला मे २०२० उजाडलं.

मुत्सुमीचं वेगळंच

अकिताच्या गडबडीत पश्चिमेकडे फारसं कुणी बघत नव्हतं. आबू हे तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव (आबे पंतप्रधान, आबू गाव, गोंधळ नको), म्हातारी माणसं जास्त, शहरातल्या तरुण कुटुंबांना इथे राहायला या म्हणून बोलावणं हे तिथल्या कारभाराचं मुख्य काम. महापौरांनी २०१८ मध्येच उघड विरोध केला, मिसाईल तळाशेजारी मुलंबाळं घेऊन कोण येईल असा त्यांचा सरळ मुद्दा. ते काही डावे वगैरे नव्हते, आबेंच्याच प्रांतातले आहेत, म्हणून त्यांचा नकार टोकियोला जास्त टोचला.

इथली तांत्रिक अडचण बूस्टरची. एसएम-३ उडाल्यावर त्याचा पहिला टप्पा जळून सुटा होतो आणि खाली पडतो, वजन साधारण २०० किलो. अरायात तो समुद्रात पडणार होता. मुत्सुमी आत डोंगरात, मधे गावं. मंत्रालयाने २०१८ पासून लोकांना शब्द दिला की वाऱ्याचा हिशोब करून सॉफ्टवेअरने मिसाईलचा मार्ग असा ठेवू की बूस्टर सराव मैदानातच पडेल. हा दुसरा फाटा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. हा शब्द दिला तेव्हा तो पाळता येतो हे कुणी सिद्ध केलेलं नव्हतं, अमेरिकेशी बोलणी चालू होती एवढंच. मे २०२० अखेर स्पष्ट झालं की नुसतं सॉफ्टवेअर बदलून भागणार नाही, मिसाईलच बदलावं लागेल. एसएम-३ ब्लॉक २ए हे जपान-अमेरिकेने मिळून १२ वर्षांत बनवलेलं, जपानचा वाटा ११,००० कोटी येन आणि अमेरिकेचाही तेवढाच. म्हणजे पुन्हा तोच खर्च आणि दहा-बारा वर्षं, आणि ती कशासाठी, तर एक नळकांडं कुंपणाच्या आत पडावं म्हणून.

निकाल

१५ जून २०२० ला तेव्हाचे संरक्षणमंत्री तारो कोनो यांनी प्रक्रिया थांबवत असल्याचं जाहीर केलं. पक्षातल्या बऱ्याच ज्येष्ठांना ते बातम्यांतूनच कळलं आणि नंतरच्या बैठकीत आरडाओरडा झाला. १९ ला कोनो यामागुचीत आणि २१ ला अकितात माफी मागायला गेले. २४ जूनला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत शिक्कामोर्तब झालं. तोवर १७,८७० कोटी येनचे करार झाले होते, १,९६० कोटी देऊनही टाकले होते.

तेव्हा एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आणि तो रास्त आहे, की डोक्यावर अण्वस्त्र येत असताना बूस्टर कुणाच्या परसात पडला याने काय फरक पडतो? युद्धाच्या हिशोबाने काहीच नाही. पण मंत्रालयाने आबू आणि हागीच्या लोकांना हे असं कधी सांगितलंच नव्हतं. शांतपणे एवढंच सांगता आलं असतं की ही वेळ आलीच तर बूस्टर बाहेर पडू शकतो, धोका इतका आहे, मोबदला असा असेल. कदाचित लोक नाही म्हणाले असते. पण मग ते २०१८ मध्येच नाही म्हणाले असते, दोन वर्षं आणि करार वाचले असते. कोनोंना पर्याय उरला नाही तो त्या २०० किलोंमुळे नाही, दिलेल्या शब्दामुळे.

रद्द केल्यावर रडारचं काय करायचं? करार मोडणं महाग आणि वॉशिंग्टनला ते रुचणारंही नव्हतं. समुद्रात तेलविहिरीसारखा प्लॅटफॉर्म, व्यापारी जहाज, खास युद्धनौका असे पर्याय चघळले आणि १८ डिसेंबर २०२० ला, आता पंतप्रधान झालेल्या सुगांच्या कॅबिनेटने दोन खास एजिस जहाजं बांधायचं ठरवलं. जमिनीसाठी निवडलेलं रडार जहाजावर चढलं. २०२२ मध्ये जहाजाचा अंदाज २०,००० टनांचा होता, टीका झाल्यावर १२,००० टनांवर आला, लांबी १९० मीटर, मिसाईल सोडायचे १२८ कप्पे (लाँच सेल). एकेकाची किंमत आता ३९,००० कोटी येनच्या पुढे. पहिलं मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज बांधतेय, दुसरं जपान मरीन युनायटेड, २०२७ आणि २०२८ या आर्थिक वर्षांत मिळायची आहेत. प्रत्येकावर २४० च्या आसपास माणसं लागणार. आणि २०२३ मध्ये जपानी सैन्यदलांची भरती ठरवलेल्या संख्येच्या ५१ टक्केच झाली, आजवरची सगळ्यात कमी. ज्या अडचणीसाठी जमिनीवर जायचं ठरलं होतं ती आता दोन जास्तीच्या जहाजांवर बसलीय.

दुसरा निकाल मोठा आहे. कोनोंच्या घोषणेला तीन दिवस होतात न होतात तोच १८ जूनला आबेंनी पत्रकार परिषदेत म्हटलं की धाक कसा बसवायचा यावर नव्याने चर्चा हवी. ऑगस्टमध्ये पक्षाने शत्रूच्या हद्दीतच मिसाईल रोखायची क्षमता मागितली, सप्टेंबरमध्ये पद सोडता सोडता आबेंनी त्यावर निवेदन काढलं, आणि १६ डिसेंबर २०२२ ला फुमिओ किशिदांच्या सरकारने सुरक्षेच्या तीन कागदपत्रांत प्रतिहल्ल्याची क्षमता घातली, पाच वर्षांत संरक्षणावर ४३ लाख कोटी येन, आणि पुढे ४०० टॉमहॉक, म्हणजे लांब पल्ल्याची अमेरिकी क्रूझ मिसाईलं, घ्यायचं ठरवलं. एजिस अशोरच्या वेळी रशिया ओरडत होता की या लाँचरमधून टॉमहॉकसुद्धा सुटू शकतात, जपान म्हणत होता छे छे, हे निव्वळ बचावाचं आहे. आता टॉमहॉक उघड घेतलेत.

एजिस अशोर रद्द झालं म्हणूनच हे सगळं झालं असं म्हणणं ताणलेलं होईल, युक्रेन युद्ध आणि तैवानची काळजी ही कारणं त्याहून मोठी. पण ढाल बाजूला पडल्याने तलवारवाल्यांना जागा मिळाली हे नक्की, आणि अकितात बॅनर धरून उभ्या राहिलेल्या शांततावादी आजीआजोबांना हे अजिबात अपेक्षित नसणार.

वेगळं काय करता आलं असतं

कॅबिनेटचा निर्णय २०१७ मध्ये घेणं मला चूक वाटत नाही, त्या वर्षी तो टाळता आला नसता. पण निर्णय तत्त्वतः ठेवून जागा खुल्या ठेवता आल्या असत्या, आणि सर्व्हे मंत्रालयाबाहेरच्या, ज्यांचा पगार त्या निकालाशी बांधलेला नाही अशा भूमापन तज्ज्ञांकडून करून घेता आला असता. अकितात तर समुद्रकाठी त्सुनामीचा धोकाही नंतर मान्य करावा लागला, १९८३ च्या भूकंपाची त्सुनामी त्याच किनाऱ्याने बघितलेली आहे, हे विसरायला नको होतं.

चूक उघड झाल्यावर, जून २०१९ मध्ये, इवायांच्या हातात एक स्वस्त संधी होती. अराया तूर्त बाजूला, पहिल्यापासून मोजतो, एवढं म्हटलं असतं तर कदाचित सीटही वाचली असती. त्यांनी ते का म्हटलं नाही हे कळतं, एक जागा मागे घेतली की दुसरीकडचे विचारणार, मग आमची का नाही? पण शेवटी दोन्ही गेल्याच.

रडारच्या निवडीबद्दल मी ठाम नाही. अमेरिकी नौदलाने स्वतः एसपीवाय-६ घेतलं, जपानने दुसरं घेतलं, त्यामुळे सुटे भाग आणि सुधारणांचा खर्च पुढे कोण वाटून घेणार हा प्रश्न जहाजांनाही चिकटलेला आहे. त्याचं उत्तर पहिलं जहाज समुद्रात उतरून काही वर्षं चाललं की मगच मिळेल, आणि बिलं तेव्हा वेगळेच मंत्री भरत असतील.